मस्कतची चित्रे कोकणच्या किनाऱ्यावर

दापोली तालुक्यातील आमच्या मुरुड गावात, तसेच शेजारच्या हर्णै, कर्दे, आंजर्ले या गावांत साठी गाठलेल्या माणसांकडे जुन्या टी. व्ही.चा विषय काढला, की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. १९८० नंतरच्या काळात गावात एखाददुसरा संच असे. उंच बांबूवर अँटेना बांधली, बूस्टर लावला, तरी मुंबईचे चित्र धड दिसत नसे. पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण फाल्गुन-चैत्रातल्या एखाद्या संध्याकाळी वारा पडला, समुद्र तेलासारखा शांत झाला, की त्याच मुंग्यांतून अचानक अरबी अक्षरे उमटत आणि पायघोळ पांढरा अंगरखा घातलेला माणूस बातम्या सांगू लागे. कोणी म्हणे दुबई लागली, कोणी म्हणे मस्कत लागले. तासाभराने चित्र जसे आले तसे निघूनही जाई.

ऐकणाऱ्याला ही थाप वाटणे स्वाभाविक आहे. मुरुडहून मुंबई सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर, तर मस्कत सुमारे १६०० किलोमीटर. जवळचे दिसत नाही आणि दहापटीहून दूरचे दिसते, हे कसे? या एका प्रश्नाचा माग काढीत गेले, की एका अरबी देशाच्या दूरदर्शनचा आणि आपल्या कोकणाचा संबंध उलगडत जातो. जमीन, हवा आणि राज्यकर्त्यांची इच्छा या तीन गोष्टींवर दूरदर्शनचे प्रक्षेपण कसे अवलंबून असते, हेही त्यातून समजते. प्रस्तुत लेखात तेच सांगण्याचा प्रयत्न आहे.

लहरी डोंगर ओलांडत नाहीत

रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून काही अंतर वळतात. म्हणून डोंगराआडच्या गावातही रेडिओ लागतो. दूरदर्शनच्या लहरी आखूड असतात आणि त्या जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात. वाटेत डोंगर आला, की त्याच्या मागे त्यांची सावली पडते. डोंगर नसला तरी पृथ्वी गोल आहे, त्यामुळे काही अंतरावर क्षितिज आडवे येते.

हे अंतर काढण्याचा एक सोपा हिशोब आहे. मनोऱ्याच्या उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढावे आणि त्याला सुमारे ४.१ ने गुणावे, म्हणजे किलोमीटर मिळतात. मुंबईत वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याची उंची सुमारे ३०० मीटर आहे. त्याचे वर्गमूळ १७.३, म्हणून अंतर आले साधारण ७१ किलोमीटर. आपल्या घरावर दहा मीटर उंचीची अँटेना असेल, तर त्यात आणखी १३ किलोमीटरांची भर पडते. एकूण झाले ८४. म्हणजे मधे एकही डोंगर नाही असे धरले, तरी १४० किलोमीटरवरचे मुरुड वरळीच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. अँटेना कितीही फिरवली तरी हा हिशोब बदलत नाही.

मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दिल्लीनंतरचे (१९५९) ते देशातील दुसरे केंद्र. पुण्याला सह्याद्रीमुळे मुंबईचे चित्र थेट मिळणे शक्य नव्हते, म्हणून १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारले गेले. गडाच्या उंचीचा उपयोग करून चित्र पुण्यापर्यंत पोचविले. कोकणातही डोंगर आहेत, आणि आमची गावे तर डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीत वसलेली. पण पुण्याइतकी वस्ती नाही. त्यामुळे कोकणचा क्रमांक फार मागून लागला.

समुद्रावरचा अदृश्य बोगदा

मग मस्कतचे चित्र कसे येत होते? त्याचे उत्तर हवेत आहे. साधारणतः वर जावे तशी हवा थंड आणि विरळ होत जाते. त्यामुळे लहरी किंचित खाली वाकतात, पण पृथ्वी जितकी वाकलेली आहे तितक्या वाकत नाहीत आणि शेवटी आकाशात निघून जातात. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत अरबी समुद्रावर वेगळाच प्रकार घडतो. पाण्यालगत दमट व तुलनेने थंड हवेचा थर असतो. त्याच्यावर जमिनीकडून आलेली कोरडी व उष्ण हवा पसरते. या दोन थरांच्या सीमेवर ओलावा एकदम कमी होतो आणि लहरी जोराने खाली वाकतात. खाली वाकलेली लहर पाण्याजवळ येते, परत वर जाते, पुन्हा वाकते. जणू समुद्राचा पृष्ठभाग आणि वरचा थर यांच्यामध्ये एक लांबच लांब बोगदाच तयार होतो. त्यात सापडलेली लहर आकाशात सुटून न जाता शेकडो किलोमीटर, कधी हजाराहून अधिक किलोमीटर प्रवास करते.

याचा जुना आणि भक्कम पुरावा मुंबईचाच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत एक रडार बसविलेले होते. सेकंदाला सुमारे २० कोटी कंपने असलेल्या लहरींवर ते चाले. उन्हाळ्यात त्या रडारवर हजार मैलांहून दूर असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटू लागले. पावसाळा सुरू झाल्यावर हा चमत्कार बंद झाला. लहरींच्या प्रवासावरील नंतरच्या ग्रंथांत या मुंबईच्या रडारचा उल्लेख नेहमी येतो. दूरदर्शनसाठी जे लहरींचे पट्टे ठरविण्यात आले, त्यांपैकी एक १७.४ ते २३ कोटी कंपनांचा आहे. म्हणजे ते रडार या पट्ट्याच्या बरोबर मधे येते. ज्या वाटेने रडारची लहर अरबस्तानला जाऊन परत येऊ शकली, त्याच वाटेने आखातातल्या दूरदर्शनचे चित्र इकडे येऊ शकत होते.

नैऋत्य मोसमी वारे जोरात वाहू लागले, की हवेचे थर ढवळून एक होतात आणि बोगदा मोडतो. आमच्या भागातील दाभोळ हे एके काळी मोठे बंदर होते. अरबी देशांतून तेथे घोडे येत, कोकणातून गलबते पलीकडे जात. पावसाळा लागला की गलबतांची ये-जा थांबे. चित्रांची ये-जाही त्याच सुमारास थांबत असे.

मस्कत की दुबई, हे ओळखण्याची खूणही लोकांनी शोधून काढली होती. डोक्यावर पांढरा रुमाल आणि त्यावर काळी दोरी असेल, तर दुबई किंवा कतारकडचे केंद्र. रंगीत वस्त्र फेट्यासारखे गुंडाळलेले असेल किंवा नक्षीची गोल टोपी असेल, तर ओमान. तिकडे नोकरी करून आलेले लोक ही खूण घरच्यांना सांगत.

महाराष्ट्राएवढा देश आणि त्याचे दूरदर्शन

अरबी देश लहान म्हटले तरी त्यांच्या लहानपणात फरक आहे. बहरीन हे बेटांचे राष्ट्र रत्नागिरी जिल्ह्याच्या (८,२०८ चौरस किलोमीटर) साधारण दहाव्या हिश्श्याएवढे आहे. ओमानचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ३ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढे (३ लाख ७ हजार). परंतु लोकसंख्या १९७० च्या सुमारास दहा लाखांच्या आत होती. लोक थोडे आणि पसरलेले, मधे वाळवंट आणि हजर पर्वताच्या रांगा. त्यांचे सर्वोच्च शिखर सुमारे ३००० मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. सह्याद्रीने आपल्याला जी अडचण केली, तिच्यापेक्षा मोठी अडचण त्यांना होती.

जुलै १९७० मध्ये सुलतान काबूस यांनी आपल्या वडिलांना दूर करून सत्ता हाती घेतली. त्या वेळी संपूर्ण देशात मुलांसाठी अवघ्या तीन शाळा होत्या आणि डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर. नव्या राजवटीने आठवड्याभरातच रेडिओ सुरू केला. नोव्हेंबर १९७४ मध्ये मस्कतला दूरदर्शन सुरू झाले, तेही पहिल्यापासून रंगीत. १९७५ मध्ये दक्षिणेकडील सलाला येथे दुसरे केंद्र निघाले. पुढे ही दोन्ही केंद्रे उपग्रहाने जोडली गेली. डोंगर ओलांडायचा नसेल तर आकाशातून जावे, हा मार्ग त्यांनी लवकर स्वीकारला.

ही घाई कशासाठी? एक कारण तेलाचा पैसा. दुसरे कारण राजकीय. सलाला ज्या धोफार प्रांतात आहे, तेथे १९७५ अखेरपर्यंत बंडखोरांशी युद्ध चालू होते. शेजारच्या एडनहून बंडखोरांचा रेडिओ प्रचार करी. त्याला उत्तर देणे आणि विखुरलेल्या टोळ्यांना आपण एका देशाचे आहोत असे वाटायला लावणे, हे काम सरकारने रेडिओवर आणि दूरदर्शनवर सोपविले. इतर आखाती देशांतही थोड्याफार फरकाने हेच दिसते. कुवेतचे दूरदर्शन १९६१ मध्ये, तर अबू धाबीचे १९६९ मध्ये आणि कतारचे १९७० मध्ये सुरू झाले. बहुतेक ठिकाणी ते सरकारच्या हाती राहिले. राज्यकर्त्यांच्या भेटीगाठी, धार्मिक कार्यक्रम, फुटबॉल, इजिप्तच्या मालिका आणि परदेशी कामगार व साहेबलोक यांच्यासाठी थोडे इंग्रजी, असा तो थाट होता. १९९६ मध्ये कतारच्या दोहा शहरातून अल जझीरा ही बातम्यांची वाहिनी सुरू झाली, तेव्हा एका छोट्या देशाचा आवाज साऱ्या अरब जगात ऐकू जाऊ लागला. मात्र तिलाही पैसा पुरविला तो कतारच्या अमिरांनीच, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आपल्याकडे काय चालले होते?

तुलनेसाठी आपल्याकडच्या तारखा पाहाव्यात. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन दाखविण्याचा मोठा प्रयोग भारताने केला. शेती, आरोग्य आणि शिक्षण हे त्याचे विषय होते. जगात त्याची वाखाणणी झाली, पण ती सहा राज्ये निराळी होती; महाराष्ट्र त्यांत नव्हता. रंगीत चित्र आले १९८२ मध्ये, म्हणजे मस्कतनंतर आठ वर्षांनी. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह आकाशात स्थिरावला आणि १९८४ पासून देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तोवर देशातील बऱ्याच मोठ्या भागात चित्र पोचले होते.

पण जे पोचले ते मुख्यतः दिल्लीचे. लघुशक्ती प्रक्षेपक उपग्रहावरून जे येई तेच पुढे ढकलत. मुंबई केंद्राचा ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम नावाजलेला होता, परंतु ज्या मातीतल्या माणसांना मुंबईच दिसत नव्हती, त्यांना तो कसा दिसणार? साऱ्या महाराष्ट्राला एकाच वेळी दिसेल अशी दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये आली. २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. ज्या डोंगराने चित्र अडविले, त्याचेच नाव चित्र पोचविणाऱ्या वाहिनीला मिळाले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

मनिऑर्डर, संच आणि वाट पाहणे

आता या कथेतील माणसांकडे वळू. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि रत्नागिरी जिल्ह्यातून कितीतरी माणसे तिकडे गेली. सुतार, गवंडी, वाहनचालक, खलाशी, स्वयंपाकी. हिंदू गेले, मुसलमान गेले. माझे आजोबाही मस्कतला बारा वर्षे सुतारकाम करीत होते. ते चौथी शिकलेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि त्या पायरीचा चिरा मस्कतच्या पगारातून बसला आहे.

ही माणसे सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर आणि टी. व्ही. आणीत. आमच्याकडच्या अनेक गावांत पहिला रंगीत संच सरकारी योजनेतून किंवा दुकानातून न येता असा आखातातून आला. तो येथे चालत असे, याचेही कारण आहे. चित्र पाठविण्याच्या पद्धती जगात वेगवेगळ्या आहेत. सौदी अरेबिया आणि इजिप्त यांनी फ्रान्सची पद्धत घेतली, अमेरिकेची निराळीच. परंतु ओमान, दुबई, कतार, कुवेत यांनी ‘पाल’ नावाची पद्धत स्वीकारली आणि भारतानेही तीच. ६२५ रेघांचे चित्र, सेकंदाला २५ चित्रे. म्हणून मस्कतचा संच मुरुडला चालला आणि मस्कतचे चित्रही मुरुडच्या संचावर उमटले. पद्धत वेगळी असती, तर नुसत्या पट्ट्या दिसल्या असत्या.

आजी सांगते, “चित्र लागलं की मी बाजार, रस्ते येतात का बघत बसायची. हे कुठं दिसतील असं वाटायचं नाही. पण हे चालतात तो रस्ता तरी दिसेल.” आजोबांचे पत्र यायला दोन-तीन आठवडे लागत. चित्राची लहर तेच अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत कापून येई. पण त्या चित्रात आजोबांसारखी माणसे नसत. आजोबा म्हणतात, “आम्ही बांधलेल्या इमारतींची उद्घाटनं टी. व्ही.वर दाखवायचे. फीत कापणारे दिसायचे.” तक्रारीचा सूर त्यांच्या बोलण्यात नसतो. मला मात्र वाटते, की दूरदर्शनविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यातच आहे. चित्र किती दूर जाते, हे लहरी आणि हवा ठरवितात. चित्रात कोण असावे, हे मात्र माणसे ठरवितात.

वाट पाहण्याची कसोटी १९९० मध्ये लागली. २ ऑगस्टला इराकने कुवेत घेतले. तेथील भारतीयांपैकी एक लाखाहून अधिक लोकांना जॉर्डनमार्गे विमानांनी मायदेशी आणण्यात आले. एअर इंडियाची ४८८ उड्डाणे त्यासाठी झाली. त्या दोन महिन्यांत कोकणातील कित्येक घरांत रेडिओभोवती माणसे बसून असत. ऑगस्ट महिना, ऐन पावसाळा. समुद्रावरचा बोगदाही बंद.

आकाशातली वाट आणि तिची मर्यादा

आज हा सारा प्रकार इतिहासजमा झाला आहे. दूरदर्शनचे जमिनीवरील जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतेक सर्व बंद करण्यात आले. घरांवर आता छत्र्या आहेत. २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत उपग्रहसेवा गरिबांच्या घरीही आहे. ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला सह्याद्री काय आणि हजर पर्वत काय, सारखेच. मस्कतच्या खोलीत मराठी मालिका दिसते आणि मोबाईलवर माणूसही दिसतो.

तरी हवेचा अधिकार संपलेला नाही. छत्रीवर येणाऱ्या लहरी फक्त अडीच सेंटिमीटरच्या असतात. आषाढातल्या मुसळधार पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखरून टाकतात. म्हणून ऐन पावसात चित्र गोठते. पूर्वी पावसाळा मस्कतला झाकत असे, आता दिल्ली-मुंबईला झाकतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. दापोली तालुक्याच्या किनारी गावांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मी तेव्हा शाळेत होते. छत्र्या उडाल्या, विजेचे खांब पडले, मोबाईल बंद झाले. वीज यायला काही ठिकाणी आठवडे लागले. माझे काका मुंबईत सुखरूप आहेत की नाहीत, आणि आम्ही आहोत की नाही हे त्यांना, कित्येक दिवस कळले नाही. त्या काळात आमच्या वाडीत बाहेरच्या जगाची बातमी दिली ती सेल घातलेल्या एका जुन्या रेडिओने. डोंगराला वळसा घालून येणारी ती मध्यम लहर. ती ऐकायला ओटीवर रोज संध्याकाळी वीसेक माणसे जमत.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले, की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हे वाक्य राज्यशास्त्राच्या वर्गात ऐकताना कोरडे वाटते. आमच्या किनाऱ्यावर त्याचा अर्थ अगदी साधा आहे. ज्या गावाला बाजारपेठ म्हणून किंमत नाही आणि मतदार म्हणूनही फारशी नाही, तेथेही वादळाची सूचना पोचली पाहिजे आणि तेथील माणसाचे म्हणणेही बाहेर ऐकू गेले पाहिजे. ओमानने डोंगरापलीकडच्या वस्तीला चित्र पोचविले ते राज्य बळकट करण्यासाठी. आपण लोकशाहीत राहतो, तेव्हा आपल्याकडे हे काम त्याहून चांगल्या कारणासाठी झाले पाहिजे. जुने प्रक्षेपक बंद करताना खर्चाचा हिशोब झाला असेल. पण वीज नसलेल्या, मोबाईल नसलेल्या पंधरा दिवसांचा हिशोबही कोणीतरी मांडायला हवा. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या गावात वादळातही चालू राहील असे एखादे छोटे प्रक्षेपण केंद्र असणे ही चैन समजू नये.

महर्षी कर्वे यांचे बालपण आमच्या मुरुडात गेले. त्या काळी एका परीक्षेसाठी ते येथून चालत साताऱ्याला गेले होते. ज्ञान आणि बातमी यांच्यासाठी तेव्हा माणसाला डोंगर चढून जावे लागे. आता त्या आपणहून आपल्याकडे येऊ शकतात. त्या कोणाकडे याव्यात आणि कोणाकडे येऊ नयेत, हे समुद्रावरच्या हवेने ठरविले तर तक्रार करता येत नाही. माणसांनी ठरविले असेल, तर मात्र विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

(द्वितीय वर्ष, कला)